सर्पगंधेची मुळी

दीड-दोन फूट उंचीचे एक साधे झुडूप. पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पानांचे मंडल, पांढरी-गुलाबी फुले, पिकल्यावर जांभळट काळी होणारी फळे. करवीर कुलातील ही सर्पगंधा. सर्पदंशावर तिची मुळी देत. त्याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. दुसरा उपयोग मात्र कसोटीला उतरला. बिहार-बंगालमध्ये हीच मुळी वेडावरचे औषध म्हणून प्रसिद्ध होती.

१९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवले, की या मुळीने मनोरुग्णाचा क्षोभ ओसरतो आणि वाढलेला रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले ते मात्र १९४९ मध्ये. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसरपीन’ मिळवले.

रेसरपीन करते काय? चेतातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत नॉरअॅड्रेनलीन, डोपामीन अशी संदेशवाहक रसायने साठवलेली असतात. रेसरपीनमुळे हा साठा रिता होतो. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, मनाचा क्षोभ कमी होतो. पण काही रुग्णांना खिन्नता आल्याच्याही नोंदी झाल्या, आणि पुढे अधिक सोयीची औषधे आल्यावर त्याचा वापर घटला.

तरी त्याचे एक देणे मोठे आहे. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेसरपीनमुळे निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले! कंपवातावरील उपचाराची वाट इथून सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

औषध मुळीत, म्हणजे मुळी काढली की झुडूप गेले. मागणी वाढली तशी रानातली सर्पगंधा विरळ झाली. १९९० मध्ये वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात तिचा समावेश करावा लागला.

वर्गात हे झुडूप दाखवताना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. ही मुळी घरी करून पाहण्याचे औषध नव्हे. आणि दुसरी अशी : एकाच मुळीबद्दलचे परंपरेतले एक म्हणणे टिकले, दुसरे टिकले नाही. कोणते खरे, हे ठरले ते तपासून पाहिल्यावरच.