‘हुशार, पण तापट’ : एका शेऱ्याचा इतिहास

माझ्या पत्र्याच्या पेटीत सातवीचे एक प्रगतिपुस्तक आहे. साल १९८१-८२. शेऱ्याच्या रकान्यात वर्गशिक्षकांनी निळ्या शाईने लिहिले आहे : ‘हुशार, पण लक्ष नाही. तापट.’ खाली वडिलांची सही आहे. त्या सहीनंतर घरी काय झाले ते सांगण्याची गरज नाही. माझ्या पिढीतल्या वाचकांना ते ठाऊक आहे.

मी अंबाजोगाईचा. कॉलेज अर्धवट सोडले, पण तीस वर्षे या भागातल्या पोथ्या, शिलालेख आणि जुनी दप्तरे यांच्या मागे हिंडलो. कागद वाचण्याची जी काही विद्या आहे, ती अशी हिंडूनच आली. पण स्वतःच्या पेटीतला हा कागद मी नीट वाचला तो वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. मुलाला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो होतो. मुलगा सोळा वर्षांचा. अभ्यासाला बसला की दहाव्या मिनिटाला उठायचा, आणि कुणी हटकले की हातातली वस्तू भिरकवायचा. डॉक्टरांनी त्याचे सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले, “तुम्ही लहानपणी कसे होता?” घरी येऊन पेटी उघडली.

डॉक्टरांनी मुलाच्या त्रासाला नाव दिले : एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. मग सवयीप्रमाणे मी त्या नावाचा माग काढत गेलो. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. माझ्या मास्तरांनी एका ओळीत शेजारी लिहिलेले दोन शब्द, ‘लक्ष नाही’ आणि ‘तापट’, वैद्यकशास्त्राने आधी एकत्र पाहिले, मग वेगळे केले, आणि आता पुन्हा जवळ आणायला घेतले आहेत. हा लेख त्या फारकतीचा आहे.

स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्ये मनोविकारांवरच्या ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. कुठल्याही एका गोष्टीवर मन न ठरणे हे काही माणसांत जन्मतःच असते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यानंतर महत्त्वाचा टप्पा १९०२ चा. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरता न येणारी मुले हा त्यांचा विषय. अशा मुलांची जी लक्षणे त्यांनी मांडली, त्यांत पहिले होते भावनेचा अनावर भडका. अवधान टिकत नाही हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे माझ्या मास्तरांचे दोन्ही शब्द तिथे होते. फरक इतकाच, की स्टिल यांनी त्याला ‘नैतिक नियंत्रणा’तला दोष म्हटले. मूल वाईट नाही, त्याचा लगाम कच्चा आहे, असे त्यांना म्हणायचे असावे. पण ‘नैतिक’ हा शब्द चिकटला की छडी फार दूर राहत नाही.

१९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड इथे चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या बालरुग्णालयातल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. उत्तेजकाने मुले आणखी उधळतील असे कुणालाही वाटेल. झाले उलटे. बरीच मुले अभ्यासात रमली आणि अनेकांच्या भावनांचा ज्वर उतरला. इथेही लक्ष आणि राग यांची नोंद एकाच कागदावर आहे.

फारकत झाली ती पुढे, याद्या करण्याच्या काळात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९६८ च्या निदानपुस्तिकेत या विकाराचे नाव अतिचंचलतेवरून होते, आणि पौगंडावस्थेत तो बहुधा ओसरतो असे म्हटले होते. १९८० च्या आवृत्तीत नाव बदलले आणि अवधान केंद्रस्थानी आले. मोजता येतील अशा लक्षणांची यादी झाली. राग, रडू आणि घडीघडीला पालटणारी मनःस्थिती यांची रवानगी ‘सोबत आढळणाऱ्या’ गोष्टींत झाली. लक्ष मोजता येते, संताप मोजणे कठीण, हे त्यामागचे एक साधे कारण. दोनच वर्षांत मराठवाड्यातल्या एका शिक्षकाने ते दोन्ही शब्द पुन्हा एका ओळीत लिहिले. त्यांच्याकडे यादी नव्हती, समोर मूल होते.

सगळ्यांनीच ही फारकत मानली नाही. पॉल वेंडर आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकापासून युटा विद्यापीठात अशा मोठ्या माणसांना तपासत होते, ज्यांचा विकार वयाबरोबर ओसरलाच नव्हता. प्रौढांसाठी त्यांनी जे निकष ठरवले, त्यांत चटकन भडकणे, मनःस्थितीचे हेलकावे आणि ताण सहन न होणे यांना मुख्य जागा दिली. कॅनडात माँट्रियलमध्ये गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी चंचल मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. धावपळ कमी होते, पण आतली अस्वस्थता आणि तिचे परिणाम अनेकांत उरतात, हे त्यातून पुढे आले.

वयात येताना नेमके काय होते? २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेऊन तुलना केली. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी कमाल होण्याचे वय इतर मुलांत सरासरी साडेसात, तर या मुलांत साडेदहाच्या आसपास. वाट तीच, चाल धिमी. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. आवर घालणे आणि थांबून विचार करणे ही कामे त्याच भागाकडे असतात. आता याला पौगंडावस्थेची जोड द्या. दहावीचे वर्ष, शरीरातले बदल, मित्रांचे टोमणे, बापाचा आवाज. भावनेचा लोंढा वेळेवर येतो, बांध मात्र अजून चिरेबंदी झालेला नसतो.

२०१४ च्या एका आढाव्यात असे मांडले आहे, की हा विकार असलेल्या मुलांपैकी २५ ते ४५ टक्के आणि प्रौढांपैकी ३० ते ७० टक्के लोकांत भावना आवरण्याची अडचण दिसते. आकड्यांची ही रुंदीच सांगते की मोजमाप अजून पक्के नाही. अमेरिकेत ५७९ मुलांना घेऊन १९९० च्या दशकात सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासातल्या मुलांचा पुढे सोळा वर्षे मागोवा घेण्यात आला. २०२२ च्या अहवालानुसार त्यांतली फक्त सुमारे ९ टक्के कायमची बाहेर पडली. सुमारे ६४ टक्के मुलांचा त्रास कधी ओसरे, कधी परते. म्हणजे ‘मोठा झाला की सुधारेल’ हे खरे नाही आणि ‘हा असाच राहणार’ हेही खरे नाही. २०१३ च्या निदानपुस्तिकेने प्रौढांसाठी निकष थोडे सैल केले. राग मात्र अजूनही मुख्य यादीबाहेर, पण निदानाला आधार म्हणून उंबऱ्यावर उभा आहे.

हे सगळे परदेशातले. आमच्या बीड जिल्ह्यात काय? निदानासाठी दोन गोष्टी लागतात : लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झाल्याची खूण, आणि ती घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसल्याची साक्ष. माझ्याकडे निळ्या शाईची एक ओळ होती. पण दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावेच्या गावे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, तरी अर्धे वर्ष पाचटाच्या कोपीत काढणाऱ्या मुलाविषयी साक्ष कोण देणार? हजेरीपटावर तो फक्त गैरहजर असतो. त्याच्या रागाचे कारण भूक, झोपमोड, सुटलेली शाळा की आणखी काही, हे वेगळे करायला निवांत नजर लागते. प्रत्येक तापट पोर या विकाराचे नसते, हे मी आवर्जून लिहितो. पण ज्याचे असेल, त्याच्या वाट्याला फक्त ‘वाया गेलेला’ एवढाच शेरा येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता त्यात आहे, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही.

जुन्या कागदांचा माणूस असल्याने शेवटी एका जुन्या गोष्टीकडे वळतो. संतांना रुग्ण ठरवण्याचा उद्योग मला करायचा नाही. पण ‘ताटीचे अभंग’ आठवा. लोकांनी केलेल्या अपमानाने दुखावलेले ज्ञानदेव ताटी, म्हणजे झोपडीचे कुडाचे दार, लावून आत बसले, अशी परंपरा सांगते. बाहेर धाकटी मुक्ताई. ती दार मोडत नाही आणि निघूनही जात नाही. बोलत राहते. भावना आवरणे हे एकट्याचेच कर्तृत्व आहे असे आपण मानतो. त्या प्रसंगात ते दाराच्या दोन्ही बाजूंचे काम आहे.

माझ्या वडिलांनी मला मारले. मी माझ्या मुलाला मारले, सोळाव्या वर्षीपर्यंत. निदानाने तो गुन्हा धुतला जात नाही, फक्त त्याची वंशावळ दिसते. औषधाने मुलाचे लक्ष सुधारले, राग तेवढा नाही. त्यासाठी समुपदेशन, झोप, व्यायाम असे धिम्या गतीचे उपाय चालू आहेत. माझेही.

आता तो पंचविशीत आहे. अजूनही कधीतरी दार आपटून आत जातो. पूर्वी मी ते दार बडवत असे. हल्ली बाहेर खुर्ची टाकून पोथी घेऊन बसतो. एकेक ओळ तीनतीनदा वाचावी लागते, कारण माझेही लक्ष लागत नाही. गेल्या महिन्यात तासाभराने कडी निघाली. तो म्हणाला, “बाबा, चहा टाकू का?”