सतरा क्रमांकाची तबकडी

प्रवासाला निघालेली माणसे देवळे पाहतात, किल्ले पाहतात. आम्ही मात्र कोणत्याही गावी गेलो तरी जुन्या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्याचे दुकान आधी विचारतो, आणि या हौसेला संशोधन म्हणवून घेतो. हे खरोखरच संशोधन आहे काय, अशी शंका आम्हांला कोलकात्यात आली.

या शोधासाठी कोलकात्याइतके योग्य शहर नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले ते इथेच. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणे कुणाचे ते कळावे म्हणून गायिका शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत असे, असे सांगतात. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला, पुढे दमदमला. तबकडीची लाख तर जवळच्या छोटा नागपूरच्या पळस-कुसुमावरची. व्हिनाइल आल्यावरही लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी आपल्याकडे इतकी टिकली, की बीटल्सची गाणीही तिच्यावर निघाली. परदेशी संग्राहक आज त्या तबकड्यांच्या मागावर असतात.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुटीत आम्ही मिर्झा गालिब स्ट्रीटवर, म्हणजे पूर्वीच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर, असेच हिंडत होतो. एका दुकानात सुतळीने बांधलेला तीसेक लाँगप्लेंचा गठ्ठा नुकताच येऊन पडला होता. प्रत्येक वेष्टनाच्या कोपऱ्यात एकाच हाताने, निळ्या शाईत, क्रमांक घातलेला. रवींद्रसंगीत, सतार, हिंदी चित्रपट, लहान मुलांची गाणी, आणि सतराव्या क्रमांकाला केसरबाई केरकर. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाईंना ‘सूरश्री’ ही पदवी १९४८ मध्ये मिळाली ती कलकत्त्यातच. तेव्हा त्यांची तबकडी एखाद्या बंगाली घरात असावी यात नवल नव्हते. आम्ही तेवढी एक उचलली, थोडी घासाघीस केली आणि विजयी मुद्रेने बाहेर पडलो.

चूक ध्यानात आली ती रात्री. राजवाड्यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली. बाडातले एखादेच पान काढून नेणाऱ्याला आपण वाङ्मयाचे अभ्यासक नावे ठेवतो. आम्ही वेगळे काय केले? केसरबाईंचे गाणे अन्यत्रही मिळाले असते. मिळणार नव्हता तो एका घराच्या श्रवणाचा क्रम: मुलांची गाणी केव्हा आली, केसरबाईंनंतर काय घ्यावेसे वाटले, संग्रह कुठे थांबला. कंपन्यांच्या सूच्यांवरून काय निघाले ते कळते, काय ऐकले गेले ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा सुतळी सुटलेली होती आणि उरलेल्या तबकड्या इतर ढिगांत मिसळून गेल्या होत्या. दुकानदाराला दोष नाही. तो गाणी विकतो, दप्तरे नव्हे.

केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीचीही अशीच कथा आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण-तबकडीसाठी ती निवडली गेली, पण प्रत मिळेना. अखेर ॲन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमध्ये, एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. व्हॉयेजर-१ त्या वर्षी ५ सप्टेंबरला निघाले. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. खोके टेबलाखाली न राहता रद्दीत गेले असते, तर आज आंतरतारकीय अवकाशात दुसरेच गाणे असते.

आता आम्ही गठ्ठा दिसला की आधी क्रमाने यादी उतरवून घेतो. घ्यायचे की नाही ते मागाहून. दुकानदार वैतागतात, एकाने तर वही पाहून आम्हांला करखात्याची माणसे ठरवले. असो. ती सतरा क्रमांकाची तबकडी आमच्या कपाटात आहे. सोळावी आणि अठरावी कोणती होती, हे त्या दिवशी आम्ही पाहिलेही नव्हते.