कारवीचा कूड

माझे वडील आरे डेअरीत नोकरीला होते, त्यामुळे बालपण कॉलनीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. दारा खुरोडींच्या पुढाकाराने 1949 साली कॉलनी उभी राहिली आणि मुंबईतले म्हशींचे तबेले इथे आले. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे मात्र त्याच्या कितीतरी आधीचे. पुढे तीस वर्षं मी गोरेगाव-अंधेरीत साइट सुपरवायझर होतो. पण घर कसं उभं राहतं ते पहिल्यांदा पाहिलं खांबाच्या पाड्यात, वर्गमित्राच्या आजीकडे.

भातकापणी उरकली की आजी भिंतींना हात घाली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तिच्याच काठ्या उभ्या लावून, बांबूच्या कांब्यांनी आवळून कूड तयार व्हायचा. तबेल्यातून घमेलं भरून शेण आणायचं काम आम्हा पोरांचं. मातीत भाताचं तूस घालून दोन दिवस तुडवायची. पहिला हात वाळला की आजी बोट फिरवून भेगा बघे. "माती चिकट हाय रं, तूस आण," म्हणे. भिंत छपराला टेकवायची नाही, वर वीतभर फट ठेवायची. तिथून चुलीचा धूर जाई आणि जाताजाता वासे किडीपासून राखी. पावसाच्या बाजूला पेंढ्याची झड बांधत. मे महिन्यातही आत गेलं की अंग निवायचं.

1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून काठी आणणं गुन्हा ठरलं. जंगल राखायलाच हवं होतं, पण घराचं सामान त्याबरोबर गेलं. कूड जाऊन विटा आल्या, छपरावर पत्रा आला. त्या पत्र्याखाली मित्राची आई दुपारभर बाहेर झाडाखाली बसायची. 2019च्या ऑक्टोबरात आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हा मला ती सावली आठवली.

जवळच्याच सामानातून घर बांधायचा आजीचा हा रिवाज पुढे मला वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या गोष्टीत भेटला. बेकर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले होते, तेव्हा त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार बेकरनी पुढे केरळात आयुष्यभर विटा-मातीत उतरवला. आजीचे पाच मैल तबेल्यापासून डोंगरापर्यंत होते.

कुडावर सात मजले चढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे, आणि आपण तळमजल्याच्या आडभिंतीलाही तेच थापतो. बंगला, शाळेची खोली, शेतघर इथे मातीचा गिलावा सहज चालतो. कंत्राटदार म्हणतात, करणारी माणसं मिळत नाहीत. माणसं आहेत. त्यांना आपण कारागीर म्हणून मोजलेलं नाही.

निवृत्तीआधी एका शेतघराच्या कामावर मी मित्राच्या बहिणीला आणि तिच्या लेकीला गिलाव्यासाठी बोलावलं. पहिला हात वाळल्यावर बहिणीने तसंच बोट फिरवून भेगा पाहिल्या. संध्याकाळी मस्टर बघितलं, तर दोघींच्या नावापुढे मुकादमाने 'बिगारी' लिहिलं होतं. मी ते खोडून 'मिस्त्री' लिहिलं आणि हजेरी त्या दराने काढायला लावली.