पाणेरी : नदी की नाला?

काही वर्षांपूर्वी पाणेरीच्या पाण्याबद्दल मी एका कार्यालयात अर्ज दिला होता. अर्जात 'पाणेरी नदी' असे लिहिले होते. उत्तर आले त्यात 'सदर नाला' असा उल्लेख होता. कारकुनाच्या सवयीचा शब्द म्हणून मी तो सोडून दिला. पुढे जुने कायदे आणि नियम वाचत बसलो, तेव्हा ध्यानात आले की पाण्याला काय म्हणायचे यावर त्याचे पुढचे बरेच काही ठरते.

पालघरकडून येऊन माहीम-वडराईच्या खाडीतून समुद्राला मिळणारा हा लहानसा प्रवाह. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी त्यात येत असल्याच्या तक्रारी गाव वर्षानुवर्षे करीत आले आहे. गाव मात्र लहान नव्हे. पोर्तुगीजांकडून १७३९ साली मराठ्यांनी घेतलेल्या ठाण्यांत माहीम होते, आणि १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये माहीम हा स्वतंत्र तालुका म्हणून नोंदला आहे. किल्ले, महसूल, लढाया यांच्या नोंदी कागदात सापडतात. पोरे कुठे पोहत, निवट्या कुठल्या चिखलात मिळत, हे विचारायला माणसांकडेच जावे लागते. या दुसऱ्या इतिहासाची कायद्याला गरज आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. 'अ' निर्जंतुक करून थेट पिण्याचे, 'ब' उघड्यावर आंघोळीचे, 'क' प्रक्रिया करून पिण्याचे, 'ड' मासे व वन्यजीवांचे, 'इ' शेती आणि कारखान्यांच्या वापराचे. 'ब' वर्गात लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५००पर्यंत हवी. 'ड' वर्गात प्राणवायू किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत. हे आकडे नंतर येतात. पहिला प्रश्न असतो, या पाण्याचा सर्वोत्तम वापर कोणता? पोहणे आणि मासेमारी कुणी नोंदलीच नसेल, तर त्या वर्गाचा आग्रह धरायला आधार उरत नाही.

आता नाल्याकडे येऊ. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यातील प्रवाहाच्या व्याख्येत नदी, वाहता किंवा तात्पुरता कोरडा पडलेला ओघ, भरती-ओहोटीचे पाणी, सगळेच येते. म्हणजे नाला म्हटल्याने पाणेरी कायद्याबाहेर जात नाही. पण १९८६च्या पर्यावरण संरक्षण नियमांचे सहावे परिशिष्ट पाहा. सांडपाणी नदी-ओढ्यांत सोडायचे तर बीओडीची मर्यादा ३०, समुद्रकिनारी सोडायचे तर १००, सार्वजनिक गटारात सोडायचे तर ३५०. गटाराची ही सवलत, ते गटार पुढे जैविक प्रक्रिया केंद्राला जात असेल तरच आहे. म्हणून 'नाला' या शब्दाचे मनात 'गटार' होऊ द्यायचे नाही, आणि पाणेरी कुठे संपते व खाडी कुठे लागते हेही धूसर ठेवायचे नाही. ३० आणि १०० यांत तिपटीहून अधिक अंतर आहे.

मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. बीओडी म्हणजे काय हे कळायला मला वर्ष गेले. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू खातात, त्याचे हे माप. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिली. बीओडीची पाच दिवसांची चाचणी ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाच्या १९१२च्या अहवालातून रूढ झाली. तिथल्या नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला पोचते, असे त्या मुदतीचे कारण सांगितले जाते. आपल्या उष्ण हवेला जुळवून भारतात २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणी आली. म्हणजे हे मापही कुठल्यातरी नदीकडे पाहूनच ठरले होते. मग आपणही आपल्या नदीकडे पाहून प्रश्न विचारायला हवेत.

पाणेरीकडे पाहिले तर काय दिसते? २० अंशांच्या गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसात, आणि तितक्याच उष्ण समुद्राच्या पाण्यात जेमतेम सव्वासहा. माशाला ४ लागतो. खाडीच्या माशाकडे मुळातच शिल्लक थोडी, त्यामुळे घाणीचा थोडा भारही त्याला पुरतो. शिवाय भरतीला नमुना घेतला तर बाटलीत बरेचसे समुद्राचे पाणी येते, ओहोटीला वरून आलेले. दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असते; पहाटे तोच सर्वांत कमी असतो, आणि मासे तरंगलेले दिसतात तेही बहुधा सकाळीच. नमुन्याच्या कागदावर तिथी, भरती-ओहोटी आणि घड्याळाची वेळ नसेल, तर आकडा खरा असूनही अपुरा राहतो.

नोंदीचे बळ काय असते हे शेजारच्या तारापूरने दाखवले. केंद्रीय मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. त्याआधीच अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती, आणि जानेवारी २०२२मध्ये लवादाने तेथील उद्योगांवर मोठी भरपाई बसवली. त्या दाव्याच्या मुळाशी मासेमारांची खाडी होती. इथून मासा मिळत होता, हे सांगणारे लोक उभे राहिले.

माहीममध्ये मी आता एक वही ठेवतो. सत्तरी ओलांडलेल्यांना तीनच प्रश्न विचारतो : कुठे पोहलात, काय पकडलेत, कधी थांबलात? एका आजींनी बोय, कोळंबी, चिंबोरी अशी नावे घेत पुलाखालची जागा हाताने दाखवली. शेवटच्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "थांबलो नाय बाबा, अंगाला खाज यायला लागली तेव्हा पोरांनाच सोडेनाशी झाले."

हे वाक्य मी तारखेसह लिहून घेतले आहे. पुढचा अर्ज देताना ही वही सोबत जोडणार आहे, आणि अर्जात पुन्हा 'पाणेरी नदी' असेच लिहिणार आहे.