हौसेचा घाम

सायकलीचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुधा यंत्राचा इतिहास असतो. १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस यांनी पायांनी जमीन मागे रेटत चालवलेली लाकडी दुचाकी, १८८५ मधील जॉन केंप स्टार्ली यांची साखळीची ‘रोव्हर’, १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बनवलेले हवेचे टायर, असा तो क्रम लागतो. पण या यंत्रावर बसून माणूस आपखुशीने दिवसभर दमतो आणि त्या दमण्यात त्याला सुख वाटते, याचाही एक इतिहास आहे. आम्हांस तो अधिक विचारणीय वाटतो.

आरंभ आपल्या शब्दांपासून करू. शीण, थकवा, दमणूक, दगदग हे सारे शब्द नकोशा अवस्थेचे आहेत. ‘श्रमपरिहार’ हा शब्द तर श्रम ही दूर सारण्याची वस्तू आहे हे गृहीतच धरतो. बहुसंख्यांच्या वाट्याला आलेले कष्ट त्यांनी निवडलेले नव्हते. मग भाषा दुसरे काय सांगणार? स्वेच्छेने पत्करलेल्या शिणाचे मोठे उदाहरण म्हणजे आळंदी-पंढरपूरची पायी वारी. परंतु तिथे वाटेच्या शेवटी विठ्ठल उभा असतो. सकाळी निघून संध्याकाळी त्याच उंबऱ्याशी परतणाऱ्या सायकलस्वारापुढे असे कोणतेही दैवत नसते.

युरोपात या सुखाला आकार आला तो शर्यतीच्या सावलीत. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला. १९०३ मध्ये आँरी देग्रांज यांच्या ‘लोतो’ या वृत्तपत्राने ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली. तिचा पहिला विजेता मॉरिस गारँ लहानपणी धुराडी साफ करीत असे. त्याच्या लेखी सायकल दामटणे ही त्या काजळीतून सुटण्याची वाट होती. घाम तोच, मोबदला वेगळा. मात्र याच देग्रांज यांनी १९०४ मध्ये फ्रान्समध्ये ‘ओदाक्स’ सहलींना चालना दिली. सर्वांनी ठरलेल्या गतीने एकत्र जायचे, लांब पल्ला दिवसाउजेडी पुरा करायचा, पहिला-दुसरा कोणी नाही. जिंकण्याची अट गळून पडली आणि उरला तो केवळ रस्ता.

तरी हे सुख अजून थोड्यांचेच होते. ते मजुरापर्यंत पोचायला स्वस्त सायकल पुरेशी नव्हती. मोकळा दिवस हवा होता. १९३६ मध्ये फ्रान्समधील लोकआघाडीच्या सरकारने ४० तासांचा आठवडा आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबे सायकलींवर, दोघांनी चालवायच्या टँडेमवर, समुद्राकडे निघाली. एरवी कारखान्याची वाट तुडवणारे तेच पाय आता हौसेने दमत होते.

आपल्याकडील संबंध याहून दूरचा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये. आज रविवारी पहाटे घाटाकडे निघणाऱ्या आम्हां सायकलस्वारांना हे नाव क्वचितच आठवते. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासास निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. पण पुढे सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात बहुतेकांची सायकल होती कामाची: दूधवाल्याची, पोस्टमनची, पाळी गाठणाऱ्या कामगाराची, कॅरियरवर डबा बांधून निघालेल्या कारकुनाची. त्यांच्या पायडल मारण्याला कोणी सहल म्हटले नाही.

आता याच शहरांत ‘ब्रेव्हे’ होतात: २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास, क्रमांक नाही. आम्हीही पावसाळा सरल्यावर कात्रजच्या जुन्या घाटाने शिरवळपर्यंत जाऊन येतो. जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर. निरभ्र आकाश, रानात पिवळी सोनकी, पाठीशी वारा. परतताना तोच वारा तोंडावर येतो, घाट चढताना मांड्या भरून येतात, बोलणे थांबते. आणि त्या मौनातच एक प्रसन्नता असते. याच चढावर एखादा माणूस दुधाच्या किटल्या लटकवलेली सायकल हातात धरून चालत असतो. चढ एकच, ऊनही एकच. आम्हांला केव्हाही परत फिरण्याची मुभा आहे, त्याला नाही.

म्हणून आमच्या सुखाला अपराधाचा रंग द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. ते सुख खरे आहे. पण ते सायकलीने दिले तितकेच सुटीने दिले, आणि सुटी कोणीतरी झगडून मिळवली. श्रमाच्या साहित्याचा विचार करताना ‘किती कष्ट’ या प्रश्नाइतकाच ‘थांबण्याची मुभा कोणाला’ हा प्रश्न विचारला पाहिजे. थकवा गोड लागतो तो ही मुभा असलेल्यालाच.