सुटी पानं

१८ जुलै, रात्री ११ : २३ दिवस आधी

वारा सुटला की कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या गरगरतात आणि सुपा एमआयडीसीतली लाइट डोळे मिचकावते. त्या रात्री बॅकअप चालू असतानाच ती गेली. सर्व्हर यूपीएसवर तगला, नेटवर्क स्विच पडला, बॅकअप मध्येच तुटला.

कारखान्याचं नाव सांगत नाही. त्यांचे कॉम्प्युटर माझ्याकडे वार्षिक कंत्राटावर आहेत. एकच सर्व्हर, त्यावर हायपर-व्ही, आत तीन व्हर्च्युअल मशिन, त्यातल्या एकात ईआरपी, म्हणजे बिलं-हिशेबाचं सॉफ्टवेअर. बॅकअप घेताना हायपर-व्ही मूळ डिस्कची फाइल गोठवतो आणि नव्या नोंदी ‘एव्हीएचडीएक्स’ नावाच्या दुसऱ्या फाइलीत लिहू लागतो. मुनिमांच्या भाषेत सांगायचं तर रोजकीर्द बांधून बाजूला ठेवली, तोवरच्या नोंदी सुट्या पानांवर. बॅकअप संपला की पानं वहीत शिवायची. त्या रात्री ती शिवली गेली नाहीत. पुढचं प्रत्येक बिल सुट्या पानावर उतरत गेलं. दुसऱ्या दिवसापासून बॅकअप पुन्हा होऊ लागला, म्हणून कुणी आत डोकावलं नाही. कुणी म्हणजे मी.

८ ऑगस्ट, पहाटे

पुन्हा लाइट गेली. बॅकअप ज्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर, जायचा, ती चालू होताना राउटरने तिला नवा आयपी पत्ता दिला. सर्व्हर जुन्याच दारावर थापा मारत राहिला. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ अशी मेल दोन रात्री गेली, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर.

गिटलॅबचंही ३१ जानेवारी २०१७ ला असंच उघडं पडलं होतं. बॅकअप फसत असल्याच्या मेल नाकारल्या जात होत्या आणि ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, हे वाचून मला नंतर थोडं बरं वाटलं. वाटायला नको होतं.

१० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१० : उरले ६ तास ४२ मिनिटं

अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. “ईआरपी रांगतंय हो. उद्या अकरा तारीख, जीएसटीआर-१ भरायचाय.”

मी म्हटलं, येतो.

रात्री ८ : उरले ४ तास ५२ मिनिटं

नॅसचा नवा पत्ता सापडला, शेअरचा मार्ग दुरुस्त केला, बॅकअप हाताने सुरू केला. हिरवी पट्टी सरकू लागली. चहा घेतला.

इथे पहिला घाव बसला होता. विंडोज सर्व्हर बॅकअप नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये एकच प्रत ठेवतो. नवी प्रत जुनीच्या डोक्यावर लिहितो. नवी अर्धवट राहिली तर जुनीही हातची जाते. मायक्रोसॉफ्टने हे लिहून ठेवलंय, मी वाचलेलंही होतं. नॅसवर ७ ऑगस्टची चांगली प्रत होती. रोज वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत टाकली असती तर ती वाचली असती.

रात्री १०:२५ : उरले २ तास २७ मिनिटं

६१ टक्क्यांवर पट्टी थांबली. सुट्या पानांच्या फाइलने २३ दिवसांत सर्व्हरची डिस्क जवळपास भरत आणली होती; बॅकअपने आणखी एक फाइल उघडली आणि उरलेली जागाही संपली. जागा संपली की हायपर-व्ही मशिनला जागच्या जागी थांबवतो. ईआरपी थांबलं. बॅकअप फसला.

रात्री ११:४० : उरला १ तास १२ मिनिटं

गेटवर दोन गाड्या भरून उभ्या, बिलाशिवाय सुटणार कशा? “साहेब, ड्रायव्हर तापलेत,” वॉचमनमामा दोनदा सांगून गेले. प्लँटच्या साहेबांचा फोन तिसऱ्यांदा. “अजून किती वेळ?”

तेव्हा करायचं एवढंच होतं : मशिन बंद करायचं, सगळ्या फाइली एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या, तिथे मर्ज करायच्या, म्हणजे पानं वहीत शिवायची. चार-पाच तास लागले असते. बाहेरची डिस्क माझ्या घरी कपाटात होती.

रात्री १२:५२

जागा कोण खातंय म्हणून फोल्डर उघडलं. मूळ फाइलीवर १८ जुलै तारीख, शेजारी लांबलचक नावाच्या दोन एव्हीएचडीएक्स. मला वाटलं, फसलेल्या बॅकअपचा कचरा. मशिन चालू असताना फाइल पुसली जाईना, म्हणून मशिन बंद केलं. विंडोजने विचारलं, कायमचं पुसू का? हो.

नवं मशिन बनवून मूळ डिस्क जोडली. ईआरपी उघडलं, अगदी चटकन. मॅडमना फोन केला, “झालं.”

त्या घरून लॉगिन झाल्या. क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “शेवटचं बिल अठरा जुलैचं दिसतंय.”

पुसलेल्या फाइली परत आणण्याची सॉफ्टवेअरं पहाटेपर्यंत चालवली, पण नव्या मशिनने त्याच मोकळ्या जागेत लिहायला सुरुवात केली होती. नॅसवरची प्रत उघडली नाही.

त्यानंतर

कारखान्याला ई-इन्व्हॉइस लागू असल्याने विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवरून परत मिळाली, रिटर्नही वेळेत गेलं. कच्च्या मालाची आवक वॉचमनमामांच्या गेट रजिस्टरवरून उतरवली. त्यांचं अक्षर लावायला दोन पोरं बसली होती. चौघांना नऊ दिवस लागले. नॅसला आता कायमचा पत्ता आहे, मेल मला आणि मॅडमना येते.

गुणवत्ता तपासणीची मापं थेट ईआरपीत भरली जायची, कागदावर नाही. ती २३ दिवसांची पानं कोरीच आहेत.