भोंग्यानंतरचे परळ

परळ हे मुळात कामगारांचे गाव नव्हेच. मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान एके काळी इथेच होते, आणि किल्ल्यातल्या दाट वस्तीला कंटाळलेली साहेबमंडळी बागबगीच्यांच्या सावलीत राहण्यासाठी भायखळा-परळकडे बंगले बांधून असत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीसाठी कंपनी उभी केली. दोन वर्षांनी ताडदेवला चाती फिरू लागल्या, आणि पुढच्या तीसेक वर्षांत धुराड्यांनी या भागाचे आकाश काळवंडून टाकले. गव्हर्नरांनी मुक्काम हलवला तो मलबार टेकडीवर, समुद्राच्या वाऱ्याला. त्यांच्या रिकाम्या वाड्यात १८९९ साली हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा आली. धनिक गेले, श्रमिक आले. शंभर वर्षांनी श्रमिक जाऊ लागले आणि धनिक परतले. मात्र या खेपेला ते बाग शोधत आले नव्हते.

शहरांच्या या उलथापालथीला नाव दिले ते रूथ ग्लास या विदुषीने, १९६४ साली, लंडनविषयी लिहिताना. कष्टकऱ्यांच्या आळीत मध्यमवर्गीय बिऱ्हाडे शिरतात, जुनी घरे डागडुजी करून झकपक होतात, भाडी चढतात आणि मूळचा रहिवासी मुकाट्याने बाहेर पडतो, या क्रियेला तिने ‘जेंट्रिफिकेशन’ म्हटले. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. परंतु लंडनचे माप परळला जसेच्या तसे लावले तर ते बसत नाही. कुणा हौशी वकिलाने किंवा चित्रकाराने लालबागच्या चाळीतली खोली घेऊन तिला रंग दिला आणि त्यातून सारे सुरू झाले, असे इथे घडले नाही. इथे आधी काम गेले, मग जमीन मोकळी झाली, आणि त्यानंतर नियम बदलले. हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे.

काम होते तेव्हाचे जग कसे होते? कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी बहुधा एकटा असे. बायकामुले गावी, शेती गावी, आणि मुंबईत दहा-पंधरा जणांत मिळून एक खोली. पाळीवाला कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसऱ्या पाळीचा येऊन निजे. जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले उपाहारगृह नव्हे. कुणी बाई आपल्या खोलीतच वीस-पंचवीस जणांना जेवू घाली आणि पगाराच्या दिवशी हिशोब घेई. भोंगा, पाळी, पगार या तीन गोष्टींवर वाणी, भजनी मंडळ, तालीम, दामोदर हॉलमधली नाटके असे सारे उभे होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे यांचा आवाज याच वस्तीत घडला. अर्थात या जगाचे गोडवे गाणाऱ्यांनी मजल्याच्या टोकाशी असलेल्या सामाईक संडासासमोरची पहाटेची रांगही आठवावी. चाळीचा जिव्हाळा खरा होता. पण पुष्कळसा तो जागेच्या टंचाईतून आलेला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. तो विरत गेला. संपानेच गिरण्या बुडवल्या असे म्हणणे सोपे आहे, पण यंत्रे जुनाट झाली होती, यंत्रमागाचे स्वस्त कापड भिवंडी-इचलकरंजीतून येत होते, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची होऊ लागली होती.

या जमिनीचा हिशोब मात्र सविस्तर मांडायला हवा. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या मधोमध. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळ मानाने तिचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. मालकांना हे रुचले नाही. काहींनी जुन्या इमारती न पाडता त्यांतच दुकाने आणि करमणुकीची साधने आणून वाटणी टाळली. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा दिला. तो कागदावरच राहिला. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीची, इमारतींखालच्या नव्हे! गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? तीन भावांच्या वाटणीत वाडा एकाने घ्यावा आणि अंगणाचे तुकडे तिघांनी वाटून घ्यावेत, तसा हा न्याय झाला. उच्च न्यायालयाने २००५ साली पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. दरम्यान २००५ मध्येच मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना विकली गेली होती. एका वाक्याच्या दुरुस्तीने एवढी जमीन हलल्याचे उदाहरण शहरांच्या इतिहासात फार सापडणार नाही.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. अर्जदार दीड लाखाच्या पुढे आणि घरे त्यांच्या मानाने मूठभर. पुढे काहींच्या नशिबी पनवेलजवळचे कोन आले. ज्याने परळला आयुष्य काढले, त्याला म्हातारपणी खाडीपलीकडे घर!

उरलेल्या चाळकऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर द्यायचे ठरले, आणि वरळीत २०२५ साली पहिल्या किल्ल्याही दिल्या गेल्या. घरात स्वतःचा संडास आला याचा आनंद ज्याला कळत नाही, त्याने कामगारांविषयी लिहू नये. पण उद्वाहन, पंप, जिन्यातले दिवे यांचा खर्च दरमहा येतो, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी आता नाही. अशा घरातला मुलगा खोली विकून डोंबिवलीला किंवा विरारला जातो, तेव्हा त्याला कुणी हाकललेले नसते. गणपतीत तो लालबागला परत येतो, १९३४ पासून चालत आलेल्या राजाच्या रांगेत उभा राहतो, आणि रात्री शेवटची गाडी धरतो.

नव्या मनोऱ्यांच्या जाहिरातींत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले आहे. गिरण्यांची नावे तेवढी टिकली: फिनिक्स, कमला, मथुरादास. तिथे आता कचेऱ्या आहेत, दुकाने आहेत, भोजनगृहे आहेत. यांपैकी कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागून १४ माणसे दगावली.